जेवढं दाखवायचं, तेवढंच

सातारा जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत काउंटरवर नव्याने लागलेली मुलगी माझ्या मुदत ठेवीचं नूतनीकरण करत होती. कीबोर्डशेजारी एक पुस्तिका उघडी होती. डाव्या हाताचं बोट पुस्तिकेतल्या चित्रावर, उजवा हात माउसवर. चित्रातलं बटण बघायचं, तेच पडद्यावर शोधायचं, मग पुढचं चित्र. कुणालाही हाक न मारता तिने काम पुरं केलं. पावतीची वाट बघताना मी ती पुस्तिका चाळली. एकाही चित्रात मागचा दुसरा प्रोग्रॅम डोकावत नव्हता, कोपऱ्यात कुणाचा मेसेज आलेला नव्हता आणि बारीकातलं बारीक अक्षरही वाचता येत होतं. ही चित्रं काढतं कोण, ते बघायला मी पुण्यात नारायण पेठेतल्या एका लहानशा कार्यालयात गेले.

मजकूर लिहिणारे वेगळे, पानं लावणारे वेगळे. पडद्याची चित्रं मात्र सगळी एकाच ताईंच्या हातची. "मॅडम, छपाईला तीनशे लागतात," हे त्यांनी मला बसायच्या आधीच सांगितलं. कागदावरच्या एका इंचाला ३०० पिक्सेल. या हिशेबाने १९२० पिक्सेल रुंदीचा अख्खा पडदा कागदावर ६.४ इंच जागा घेतो. पुस्तिकेचं पान त्याहून अरुंद. मग लोक तो पडदा दाबून बसवतात आणि अक्षरं बारीक होतात. इंग्रजी अक्षर तेवढ्यावर तग धरतं. देवनागरीत आधी अनुस्वाराचा ठिपका जातो, मग रफार, मग उकार. म्हणून त्यांच्या टेबलावरचा मॉनिटर ३८४० पिक्सेल रुंदीचा आहे आणि त्यावर सगळं २०० टक्के मोठं करून ठेवलेलं आहे. विंडो दिसायला तेवढीच, पण तिच्यात पिक्सेल दुप्पट. तीनशेचा हिशेब तिथे जमतो.

मूळ कृती दोन कळांची. विंडोजमध्ये ऑल्ट धरून प्रिंट स्क्रीन दाबलं की फक्त समोरची चालू विंडो क्लिपबोर्डवर जाते. कंट्रोल-व्ही केलं की हवी तिथे उतरते. नव्या विंडोज ११ मध्ये नुसतं प्रिंट स्क्रीन दाबलं तर स्निपिंग टूल उघडतं, पण ऑल्टची जोडी आपलं जुनंच काम करते. प्रिंट स्क्रीनची कळ १९८१ सालच्या आयबीएम पीसीवरही होती. तिथे शिफ्ट धरून ती दाबली की पडद्यावरचा मजकूर थेट प्रिंटरवर छापून निघे. काही लॅपटॉपवर आता ती दुसऱ्या एका कळीवर बारीक अक्षरांत असते आणि एफएन धरावं लागतं.

एवढं कुणालाही पाच मिनिटांत शिकवता येईल. ताईंचं काम त्या दोन कळांच्या आधी आहे. डाव्या हाताने ऑल्ट धरायच्या आधी त्या थांबतात. नजर चारही कोपऱ्यांतून फिरते, मग मधल्या रकान्यांवर येते, मग कळ दाबली जाते. मी तिथे असेपर्यंत एकाही चित्राला हे थांबणं चुकलं नाही, आणि मी पडदा सोडून त्या थांबण्याकडेच बघत राहिले.

कोपरे का बघायचे, ते त्यांनी करून दाखवलं. विंडोज ११ मध्ये विंडोचे कोपरे गोल असतात, पण उचललेलं चित्र चौकोनीच येतं. त्यामुळे मागे जे असेल त्याचे चार बारीक तुकडे कोपऱ्यांत येतात. यावर उपाय म्हणून त्या मागे कोरं पांढरं नोटपॅड पडदाभर उघडून ठेवतात. मॅकवर त्रास वेगळा. तिथे कमांड-शिफ्ट-४ दाबून स्पेसबार दाबला की कर्सरचा कॅमेरा होतो आणि क्लिक केलेली विंडो तेवढी मिळते, पण भोवती करड्या सावलीसकट. ऑप्शन धरून क्लिक केलं की सावली येत नाही.

मधल्या रकान्यांत आणखी बारकावे असतात. रक्कम टाकून झाली की कर्सरची उभी रेघ आकड्याला चिकटून लुकलुकत राहते. नेमकी ती उमटलेली असताना चित्र उचललं गेलं तर ५००० पुढे इंग्रजी एकचा आकडा लिहिल्यासारखा दिसतो. म्हणून आधी दुसरीकडे क्लिक करायचं. उघडलेला मेनू हवा असेल तर ऑल्ट दाबताच तो बऱ्याचदा मिटतो. तिथे स्निपिंग टूलमध्ये पाच सेकंदांचा उशीर लावायचा आणि तेवढ्यात मेनू उघडून हात बाजूला घ्यायचा. खातेदाराचं नाव कायम "अ ब क". पहिल्या चित्रात त्याच्या खात्यावर ५००० जमा झाले, तर पुढच्या प्रत्येक चित्रात शिल्लक त्याच्याशी जुळली पाहिजे. मी असताना एका चित्रात शिल्लक जुळेना. ताईंनी ती मालिका पहिल्यापासून पुन्हा काढली.

अख्खा पडदा उचलून नको ते कापून का टाकत नाही, असं मी विचारलं. "नंतर पुसू, हे आमच्याकडे चालत नाही," त्या म्हणाल्या. हा हट्ट नाही, त्यामागे कारण आहे. वर्डमध्ये चित्र कापलं तरी कापलेला भाग फाइलमध्ये शिल्लक राहतो, तो मुद्दाम काढून टाकावा लागतो. मार्च २०२३ मध्ये तर गूगल पिक्सेल फोनच्या मार्कअप सुविधेत आणि विंडोज ११ च्या स्निपिंग टूलमध्ये असा दोष उघड झाला, की कापून त्याच फाइलवर जतन केलेल्या चित्रातला काढून टाकलेला भाग पुन्हा मिळवता येत होता. नंतर तो दुरुस्त झाला. पण ज्या पडद्यावर खातेदाराचं नाव, आधार क्रमांक आणि शिल्लक असते, तिथे जे दाखवायचं नाही ते मुळात उचलूच नये, हा ताईंचा नियम मला पूर्ण पटतो.

चित्र जतन होतं ते पीएनजीमध्ये. जेपीजीमध्ये फाइल लहान होते, पण अक्षरांच्या कडेला धुरकट ठिपके येतात आणि तीनशे सांभाळूनही उपयोग होत नाही. बाणाच्या आकाराचा माउसचा कर्सर या चित्रांत येत नाही. कुठे क्लिक करायचं ते दाखवायला ताई लाल चौकट आखतात, एका चित्रात एकच.

मोबाइलने पडद्याचा तिरका फोटो काढून तयार केलेल्या सूचनापत्रिका मी पुष्कळ पाहिल्या आहेत. फोटोत लाटांसारख्या रेघा, वर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब आणि खाली "वरीलप्रमाणे कार्यवाही करावी". असा कागद शिकणाऱ्याला सांगतो, की तुझं तू बघून घे. नवशिक्याला पडद्यावरचं काय महत्त्वाचं आणि काय आगंतुक, हे कळत नसतं. त्याला सगळंच सारखं दिसतं. चित्रात आलेली प्रत्येक जास्तीची गोष्ट तो पडद्यावर शोधत बसतो, ती सापडली नाही की आपलंच चुकलं असं समजतो आणि हात आखडतो. स्वच्छ चित्र त्याला त्या भीतीतून सोडवतं. म्हणून मला हे काम सजावटीचं वाटत नाही. मी ते शिकवण्याचंच काम मानते.

ताईंनी मला एका पुस्तिकेचं अंदाजपत्रक दाखवलं. लेखन, मांडणी, मुद्रितशोधन, कागद, छपाई यांना रकाने होते. चित्रांना नव्हता. ती मांडणीतच धरलेली. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली, एखादं बटण डावीकडून उजवीकडे गेलं, की चित्रं पुन्हा काढायची आणि पुस्तिकेची तारीख मात्र तीच. पुस्तिका काढणाऱ्या संस्थांनी हा रकाना वेगळा करावा, त्यात पैसे धरावेत आणि पैशांआधी वेळ धरावा. तीनशेचा हिशेब मॉनिटर सांभाळतो. कोपरे आणि रकाने बघायला माणूसच लागतो, आणि त्याला थांबायला सवड लागते.