ग्रँट वुड यांच्या चित्रांवर आधारलेली वाद्यवृंदरचना

अमेरिकेच्या आयोवा राज्यातील चित्रकार ग्रँट वुड यांच्या कलेवर आधारित ‘अमेरिकन गॉथिक’ ही वाद्यवृंदरचना मे २०१३ मध्ये सीडर रॅपिड्स शहरात प्रथम सादर झाली. ‘ऑर्केस्ट्रा आयोवा’ या स्थानिक वाद्यवृंदासाठी ती मायकल डॉहर्टी यांनी रचली. १९५४ मध्ये याच शहरात जन्मलेल्या डॉहर्टी यांनी ही रचना आपल्या दिवंगत वडिलांच्या स्मृतीस अर्पण केली आहे.

ग्रँट वुड (१८९१-१९४२) यांचे बालपण आयोवातील शेतावर आणि नंतर सीडर रॅपिड्समध्ये गेले. युरोपातील कलेचा अभ्यास करून परतल्यावर त्यांनी आपल्याच प्रदेशातील शेते, टेकड्या व माणसे हे चित्रविषय निवडले. या प्रवाहास ‘प्रादेशिकतावाद’ असे संबोधले जाते. १९३० मध्ये त्यांनी रंगविलेले ‘अमेरिकन गॉथिक’ हे चित्र शिकागोच्या कलासंग्रहालयात आहे. हाती गवत उचलण्याचा तीन दातांचा काटा धरलेला शेतकरी आणि शेजारी त्याची कन्या असे त्याचे स्वरूप आहे. चित्रासाठी वुड यांची बहीण व त्यांचे दंतवैद्य यांनी बैठक दिली होती. ही आपली टिंगल आहे, असे सुरुवातीस आयोवातील अनेकांना वाटले. पुढे मंदीच्या काळात तेच चित्र कष्टाळू ग्रामीण जीवनाचे प्रतीक मानले गेले.

चित्र क्षणात दृष्टीस पडते, तर संगीत काळाच्या ओघात उलगडते. त्यामुळे या रचनेत चित्रांचे वर्णन नसून त्यांतील गती व भाव स्वरांत उतरविले आहेत. तिचे तीन भाग आहेत. ‘ऑन अ रोल’ या पहिल्या भागात वुड यांच्या लाटांसारख्या टेकड्यांची चैतन्यपूर्ण लय आहे. ‘विंटर ड्रीम्स’ या भागामागे त्यांच्या कृष्णधवल शिलामुद्रणांतील हिवाळी उदासी आहे. ‘पिचफोर्क’ हा अखेरचा भाग शेतकऱ्याच्या हातातील काट्यावरून आलेला असून त्यात वुड यांची मिश्किल वृत्ती प्रकटते.

या सादरीकरणास आणखी एक संदर्भ होता. जून २००८ मध्ये सीडर नदीच्या महापुराने शहराची मोठी हानी झाली आणि पॅरामाउंट नाट्यगृह पाण्याखाली गेले. जीर्णोद्धारानंतर ते २०१२ मध्ये पुन्हा सुरू झाले. त्याच वास्तूत, आपल्याच मातीतील चित्रकाराची कला आपल्याच संगीतकाराच्या स्वरांतून ऐकण्याची संधी नागरिकांना मिळाली. आपल्या परिसराकडे पाहण्याची जी दृष्टी वुड यांनी दिली, तीच आठ दशकांनंतर श्रवणगोचर झाली.