‘सारखा’ हिंदीतून आला का?
हिंदीत ‘सरीखा’ आहे, म्हणून आपला ‘सारखा’ तिकडून आला, असं काही जण ठासून सांगतात. मला पटत नाही. संस्कृत ‘सदृक्ष’, प्राकृत ‘सरिक्ख’, जुनी मराठी ‘सारिखा’ ही वाट सरळ दिसते. ‘द’चा ‘र’ कसा, अशी शंका येईल. पण ‘सदृश’चंही प्राकृतात ‘सरिस’ झालंच की! शिवाय ‘सारिखा’ शके 1212च्या ज्ञानेश्वरीत आहे. अंबाजोगाईच्या मुकुंदराजांचा ‘विवेकसिंधु’ तर परंपरेने शके 1110चा. बीडकडची मराठी तेव्हाच वेदान्त सांगत असेल, तर एवढ्याशा शब्दासाठी उसनवारी कशाला? ‘सरीखा’ आणि गुजराती ‘सरखुं’ ही त्याची भावंडं. मग ‘सारखा पाऊस’ यातला ‘सारखा’ वेगळा का? नाही. आधीच्या क्षणासारखाच पुढचा, मध्ये खंड नाही; त्यातूनच ‘सतत’ हा अर्थ निघाला असावा.