वादळाचे गणित आणि आकाशाचे वाचन

शाळा सुटावयास अर्धा तास उरलेला असतो. सकाळपासून निरभ्र असलेल्या आकाशात दुपारनंतर क्षितिजावर काळे ढग चढू लागतात आणि वारा एकाएकी पडतो. मुलांना लवकर घरी धाडावे की शाळेतच थांबवून ठेवावे, हा प्रश्न अशा वेळी शिक्षकापुढे उभा राहतो. हल्ली पुष्कळांच्या हाती असलेल्या दूरध्वनीवर ढगांची व थेंबांची चित्रे दिसतात. ती कशी तयार होतात व त्यांवर कितपत विसंबावे, याचे ज्ञान शिक्षकास असणे अगत्याचे आहे.

हवामानाचे भाकीत गणिताने करता येईल, ही कल्पना लुईस फ्राय रिचर्डसन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९२२ साली ग्रंथरूपाने मांडली. पाटीवर चौकटी आखाव्यात त्याप्रमाणे वातावरणाचे उभे-आडवे भाग पाडावयाचे. प्रत्येक भागातील हवेचा दाब, उष्णता, बाष्प आणि वारा यांचे आकडे घ्यावयाचे. आणि पदार्थविज्ञानाच्या नियमांनी थोड्या वेळाने ते आकडे किती होतील हे काढावयाचे. आलेल्या उत्तरावरून पुढचे उत्तर, त्यावरून त्याच्याही पुढचे, असा हा क्रम असतो. रिचर्डसनने सहा तासांचे गणित हाताने केले. त्यात वायुभारात १४५ मिलिबारचा फरक पडेल असे उत्तर आले. प्रत्यक्षात वायुभार जवळजवळ स्थिर होता. मात्र रीत योग्य होती. १९५० साली अमेरिकेत संगणकावर असे पहिले यशस्वी गणित झाले, तेव्हा चोवीस तासांच्या भाकितास जवळजवळ चोवीस तासच लागले.

आज हेच गणित महासंगणक दिवसातून अनेकदा करतात. संगणकाच्या या गणिती आराखड्यास 'प्रतिमान' म्हणतात. अनेक प्रतिमानांचे नकाशे कोणासही विनामूल्य पाहता येत असल्यामुळे, वेधशाळेत नोकरी नसलेले परंतु आकाशाची आवड असलेले हौशी अभ्यासकही त्यांचा उपयोग करू लागले आहेत. तामिळनाडूतील प्रदीप जॉन हे त्यांपैकी एक प्रसिद्ध नाव होय. हवामानशास्त्र हा त्यांचा व्यवसाय नव्हे. तथापि सोप्या भाषेत दिलेल्या अंदाजांमुळे चेन्नईकर त्यांना ओळखतात.

अशा अभ्यासकाचे काम केवळ नकाशा पाहून संपत नाही. चेन्नईचेच उदाहरण घ्यावे. जून ते सप्टेंबर या काळात तेथे पश्चिमेकडून जमिनीवरचा उष्ण वारा वाहतो आणि दुपारी पूर्वेकडून समुद्रावरचा गार, दमट वारा आत शिरतो. दोहोंची गाठ पडते तेथे हवा वर उचलली जाऊन सायंकाळी गडगडाटी पाऊस होतो. प्रतिमानाच्या चौकटी काही किलोमीटर रुंद असतात आणि वादळी ढगही पुष्कळदा तेवढाच असतो. मोठ्या डोळ्यांच्या जाळ्यातून लहान मासे निसटावेत, तसे असे ढग गणितातून निसटतात. म्हणून जाणता अभ्यासक निरनिराळी प्रतिमाने ताडून पाहतो, समुद्रावरचा वारा केव्हा आत आला ते टिपतो आणि अखेर रडारवर ढगांची चाल पाहतो. प्रतिमान सांगते, 'आज या भागात वादळ संभवते'. रडार सांगते, 'ते अमुक ठिकाणी आले आहे.' या दोन विधानांतील भेद ज्यास कळला, त्यास अंदाज वाचता आला.

हा भेद किती महत्त्वाचा आहे, हे १ डिसेंबर २०१५ रोजी चेन्नईत दिसून आले. २ डिसेंबरच्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत तांबरम येथे ४९ सेंटिमीटर, तर सुमारे वीस किलोमीटरवरील नुंगंबाक्कम येथे २९ सेंटिमीटर पाऊस नोंदला गेला. शहर एकच, पण पाऊस सारखा नव्हे. त्याच पावसाळ्यात परदेशी संस्थेच्या नावाने भीतिदायक अफवाही पसरल्या. अशा वेळी लोकांना घाबरवणे सोपे असते. आकडे दाखवून धीर देणे हेच खरे अभ्यासकाचे कर्तव्य होय. धोक्याची अधिकृत सूचना देण्याचा अधिकार भारतीय हवामान विभागाचाच आहे, हेही विसरता कामा नये.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेत विकसित झालेले, सहा किलोमीटर चौकटीचे 'भारत फोरकास्टिंग सिस्टम' हे प्रतिमान मे २०२५ मध्ये राष्ट्रास अर्पण करण्यात आले. त्याच संस्थेचे 'दामिनी' हे साधन आसपास पडणाऱ्या विजेची सूचना दूरध्वनीवर देते. देशात दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे विजेने दगावतात, हे ध्यानी घेता शाळेत त्याचा उपयोग व्हावा.

साधन हाती नसले तरी गणित हाती आहेच. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मुलांकडून मोजवावेत. ध्वनी तीन सेकंदांत सुमारे एक किलोमीटर जातो. तीस सेकंदांच्या आत आवाज आला, तर वादळ दहा किलोमीटरच्या आत आहे असे समजून मुलांना पक्क्या इमारतीत घ्यावे. झाडाखाली कदापि थांबू देऊ नये. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास लोटल्यावाचून कोणासही घरी सोडू नये. पालक घाई करीत असले तरी येथे शिक्षकाने ठाम राहावे.

शाळेच्या अंगणात, झाडे व भिंती यांपासून दूर, पर्जन्यमापक ठेवून रोज सकाळी साडेआठ वाजता मुलांकडून पाऊस नोंदवावा. अंदाजाच्या शेजारी प्रत्यक्ष आकडा लिहिला, म्हणजे अंदाज कोठे जुळला व कोठे चुकला हे मुलांस आपोआप उमगेल. चुकीची नोंद प्रामाणिकपणे ठेवण्याची सवय हीच विज्ञानाची पहिली पायरी होय. आणि ती चढण्यास गावची शाळा पुरेशी आहे.