विपणन ई-मेलची विषयओळ : परिणामकारकता आणि विश्वासार्हता

सारांश : विपणनासाठी पाठविल्या जाणाऱ्या ई-मेलचे भवितव्य बहुतांशी 'सब्जेक्ट लाइन' म्हणजेच विषयओळीवर अवलंबून असते. प्रस्तुत लेखात विषयओळीचे स्वरूप, तिच्या लेखनाची तत्त्वे, मराठी वाक्यरचनेमुळे व देवनागरी लिपीमुळे उद्भवणारे प्रश्न, परिणाम मोजण्याच्या पद्धती आणि कायद्याच्या मर्यादा यांचे विवेचन केले आहे. विषयओळ हे वाचकाला दिलेले आश्वासन असून तिची खरी परिणामकारकता ते आश्वासन पाळले जाण्यावर ठरते, हे लेखाचे प्रमुख प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : विषयओळ, ई-मेल विपणन, उपयोजित मराठी, दिशाभूल करणारी जाहिरात, ग्राहक संरक्षण

१. प्रस्तावना

मराठी कार्यालयीन पत्रव्यवहारात 'महोदय' या संबोधनापूर्वी 'विषय' व 'संदर्भ' लिहिण्याची रीत आहे. पत्र कोणत्या विभागाकडे जावे, त्यावर किती त्वरेने कार्यवाही व्हावी, हे आवक लिपिक त्या एका ओळीवरून ठरवितो. ई-मेलमधील विषयओळीचे मूळ कार्यही हेच आहे. फरक इतकाच की, कार्यालयात आलेले पत्र उघडले जातेच. विपणनाचा ई-मेल मात्र न उघडताच काढून टाकण्याचे पूर्ण स्वातंत्र्य वाचकाला असते. त्यामुळे विषयओळीवर ओळख करून देणे आणि उघडण्यास प्रवृत्त करणे अशी दुहेरी जबाबदारी येते. या दोन कार्यांत ताण निर्माण झाला, की दिशाभुलीचा मोह उत्पन्न होतो.

२. ऐतिहासिक पार्श्वभूमी

विपणन ई-मेलचा आरंभ सामान्यतः ३ मे १९७८ या दिवसापासून मानला जातो. त्या दिवशी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकन संगणक कंपनीने आपल्या नव्या संगणकांच्या प्रात्यक्षिकाचे निमंत्रण अर्पानेटवरील सुमारे ४०० जणांना एकाच वेळी पाठविले. पत्त्यांची यादी इतकी लांबली, की काही पत्ते पत्राच्या मजकुरातच उतरले. या पत्राविरुद्ध तक्रारी झाल्या आणि अर्पानेटच्या व्यवस्थापनाने नापसंतीही व्यक्त केली.

ई-मेलची रचना निश्चित करणारे 'आरएफसी ८२२' हे मानक ऑगस्ट १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याची सुधारित रूपे एप्रिल २००१ व ऑक्टोबर २००८ मध्ये आली. या मानकांनुसार विषयओळ ऐच्छिक असून तीत कोणताही मुक्त मजकूर लिहिता येतो. याचा अर्थ असा, की विषयओळ खरी आहे किंवा नाही याची कोणतीही तांत्रिक तपासणी होत नाही. तिच्या सत्यतेची जबाबदारी सर्वस्वी लेखकावर पडते.

३. परिणामकारक विषयओळीची लक्षणे

*३.१ विशिष्टता :* 'वाचकांसाठी सुवर्णसंधी' या ओळीतून वस्तू, लाभ वा मुदत यांपैकी काहीच कळत नाही. 'दिवाळी अंकांचा संच : सवलत ३१ ऑक्टोबरपर्यंत' ही ओळ तिन्ही गोष्टी सांगते. ज्याला दिवाळी अंक नको आहेत तो ही ओळ वाचून पुढे जाईल. परंतु ज्याला हवे आहेत तो नेमका थांबेल. विपणनाच्या दृष्टीने हीच निवड लाभदायक असते.

*३.२ प्रेषकाशी सुसंगती :* वाचकाच्या पडद्यावर प्रेषकाचे नाव, विषयओळ आणि बहुधा मजकुराचे पहिले काही शब्द एकत्र दिसतात. प्रकाशनसंस्थेचे नाव प्रेषकाच्या जागी आलेलेच असेल, तर ते विषयओळीत पुन्हा लिहिणे म्हणजे मोलाची जागा वाया घालविणे होय. त्याचप्रमाणे मजकुराचा आरंभ 'हा ई-मेल नीट दिसत नसल्यास' अशा सूचनेने न करता विषयओळीला पूरक वाक्याने करावा.

*३.३ संयमित जिज्ञासा :* जॉर्ज लोवेनस्टीन यांनी १९९४ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार, आपल्याला ठाऊक असलेले आणि जाणून घ्यावेसे वाटणारे यांतील अंतर लक्षात आले, की जिज्ञासा जागृत होते. 'जुन्या ग्रंथांना वाळवी का लागते?' ही ओळ अशी जिज्ञासा जागविते. तथापि, ई-मेलमध्ये वाळवीविषयी काहीही नसून केवळ कपाटांची जाहिरात असेल, तर वाचक फसविला गेल्याची भावना घेऊन परततो. पुढील वेळी तो त्या प्रेषकाचे नाव पाहूनच ई-मेल बाजूला सारतो.

*३.४ खोटे संकेत टाळणे :* प्रत्यक्षात कोणताही पूर्वपत्रव्यवहार नसताना ओळीच्या आरंभी 'रि:' लिहिणे हा सर्रास आढळणारा गैरप्रकार आहे. 'रि:' हे चिन्ह उत्तरादाखल पाठविलेल्या पत्राचे आहे. ते खोटेपणाने वापरणे म्हणजे कार्यालयीन पत्रात अस्तित्वात नसलेल्या पत्राचा 'संदर्भ' देण्यासारखे आहे.

४. मराठी विषयओळीचे विशेष प्रश्न

ई-मेल विपणनावरील बहुतेक मार्गदर्शन इंग्रजीला अनुसरून झालेले आहे. ते मराठीला जसेच्या तसे लागू करता येत नाही. याची तीन कारणे संभवतात.

*४.१ वाक्यरचना :* मराठीत क्रियापद व नकार सामान्यतः वाक्याच्या शेवटी येतात, तर भ्रमणध्वनीच्या पडद्यावर लांब विषयओळीचा शेवटचाच भाग छाटला जातो. 'पूर्वनोंदणी केलेल्या ग्राहकांना टपालखर्च द्यावा लागणार नाही' या ओळीतील 'नाही' छाटले गेले, की अर्थ नेमका उलटतो. म्हणून 'टपालखर्च माफ : पूर्वनोंदणी केलेल्या ग्राहकांसाठी' अशी रचना करावी. तसेच मराठीत विशेषणे नामापूर्वी येतात. 'महाविद्यालयीन ग्रंथालयांसाठी विशेष सवलतीच्या दरात उपलब्ध असलेले मराठी शब्दकोश' या ओळीत मुख्य नाम सर्वांत शेवटी येते. 'मराठी शब्दकोश : ग्रंथालयांना विशेष सवलत' या रचनेत ते आरंभीच येते. मुख्य नाम प्रथम, त्यानंतर विसर्गचिन्हासारखे अपूर्णविराम आणि मग तपशील, ही वृत्तपत्रीय मथळ्यांची शैली येथे उपयुक्त ठरते.

*४.२ विभक्ती, लिंग व आदरार्थ :* संगणकीय यादीतून ग्राहकाचे नाव आपोआप ओळीत घालण्याची पद्धत रूढ आहे. इंग्रजीत नाम न बदलता हे साधते. मराठीत मात्र प्रत्यय लागताना नामाचे सामान्यरूप होते आणि क्रियापदही अनेकदा लिंगानुसार बदलते. 'काळेसाठी' असे यांत्रिक रूप कानाला खटकते आणि अनादरही सूचित करते. 'काळे यांच्यासाठी' असे लिहिल्यास नाम न बदलता आदरही राखला जातो. 'आपण' हे सर्वनाम योजून लिंगभेद दर्शविणारी क्रियारूपे टाळावीत. हे शक्य नसेल, तर नाव न घालणेच श्रेयस्कर.

*४.३ लिपी :* 'विषयओळ अमुक अक्षरांची असावी' या नियमातील 'अक्षर' मराठीत फसवे ठरते. 'स्त्री' हे वाचकाच्या दृष्टीने एक अक्षर आहे; युनिकोडमध्ये मात्र त्यात सहा चिन्हे असून यूटीएफ-८ संकेतनात त्यांना १८ बाइट लागतात. पारंपरिक पद्धतीत इंग्रजीव्यतिरिक्त लिपीतील विषयओळ १९९६ च्या 'आरएफसी २०४७' या मानकानुसार सांकेतिक शब्दांत रूपांतरित करून पाठविली जाते. अशा प्रत्येक शब्दाची कमाल लांबी ७५ चिन्हे असते. बेस-६४ पद्धतीने त्यात देवनागरीची जास्तीत जास्त १५ चिन्हे मावतात. सदोष संगणकप्रणालीने एखाद्या चिन्हाचे बाइट दोन शब्दांत विभागले, तर ओळीत अनाकलनीय खुणा उमटतात. २०१२ च्या 'आरएफसी ६५३२' या मानकाने यूटीएफ-८ मजकूर थेट लिहिण्याची मुभा दिली असली, तरी त्यासाठी दोन्ही बाजूंच्या यंत्रणा सक्षम असाव्या लागतात. तात्पर्य, अक्षरे मोजण्यापेक्षा निरनिराळ्या भ्रमणध्वनींवर व ई-मेल सेवांवर चाचणीप्रत पाठवून ती डोळ्यांनी पाहणे अधिक विश्वसनीय होय.

५. परिणामाचे मापन

विषयओळ चांगली की वाईट, हे लेखकाच्या अभिरुचीवरून ठरत नाही. २०१२ च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीत बराक ओबामा यांच्या प्रचारयंत्रणेने निधिसंकलनाच्या ई-मेलसाठी अनेक पर्यायी विषयओळी छोट्या गटांवर तपासल्या. प्रतिस्पर्धी आपल्यापेक्षा अधिक खर्च करील, अशा आशयाच्या ओळीने २६ लाख डॉलरहून अधिक निधी मिळविला. त्याच ई-मेलसाठी सर्वांत दुर्बल ठरलेल्या ओळीने सुमारे ४ लाख डॉलरच मिळाले असते, असा अंदाज होता. कोणती ओळ यशस्वी होईल याविषयीचे आपले अंदाज वारंवार चुकल्याचे त्या यंत्रणेतील कर्मचाऱ्यांनीच नंतर सांगितले.

अशा तुलनात्मक चाचणीत यादीचे यादृच्छिक पद्धतीने भाग पाडणे, दोन ओळींत एकच घटक बदलणे आणि त्या एकाच वेळी पाठविणे आवश्यक असते. लहान संस्थांनी निष्कर्ष काढताना विशेष सावध राहावे. समजा, प्रत्येकी ३०० वाचकांच्या दोन गटांत अनुक्रमे ३० व ३६ जणांनी दुव्यावर टिचकी दिली, तर हा फरक केवळ योगायोगानेही पडू शकतो. प्रत्येकी ३०,००० वाचकांत ३,००० व ३,६०० असा फरक आढळल्यास मात्र तो विश्वसनीय मानता येतो.

ई-मेल उघडण्याचे प्रमाण हा निकष आता फारसा भरवशाचा राहिलेला नाही. हे प्रमाण ई-मेलमधील अदृश्य चित्र वाचकाच्या यंत्रावर उतरण्यावरून मोजले जाते. सप्टेंबर २०२१ मध्ये ॲपलने आपल्या मेल प्रणालीत आणलेल्या गोपनीयतेच्या सुविधेमुळे, वाचकाने ई-मेल उघडला नसला तरीही अशी चित्रे आधीच उतरवून घेतली जाऊ शकतात. म्हणून दुव्यावरील टिचक्या, प्रत्यक्ष खरेदी, यादीतून नाव काढण्याच्या विनंत्या आणि 'स्पॅम' म्हणून झालेल्या तक्रारी यांचा एकत्रित विचार करणे इष्ट होय. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल व याहू यांनी मोठ्या प्रमाणावर ई-मेल पाठविणाऱ्यांसाठी नियम कडक केले. गूगलच्या नियमांनुसार तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवणे आवश्यक आहे. फसव्या ओळीने उघडणारे वाढतात, पण तक्रारीही वाढतात आणि पुढील प्रामाणिक ई-मेलसुद्धा वाचकापर्यंत पोहोचेनासा होतो.

६. कायद्याची चौकट

अमेरिकेतील 'कॅन-स्पॅम' हा २००३ चा कायदा १ जानेवारी २००४ पासून अमलात आला. मजकुराविषयी दिशाभूल करणारी विषयओळ त्याने निषिद्ध ठरविली. वॉशिंग्टन राज्याचा १९९८ चा कायदा याबाबत अधिक कठोर आहे. त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १७ एप्रिल २०२५ रोजी ओल्ड नेव्ही या वस्त्रविक्रेत्या कंपनीसंबंधीच्या प्रकरणात कायद्याचा अर्थ स्पष्ट केला. ई-मेल जाहिरात आहे हे लपविणेच नव्हे, तर सवलतीच्या मुदतीसह विषयओळीतील कोणतीही खोटी वा दिशाभूल करणारी माहिती निषिद्ध आहे, असा निर्वाळा पाच विरुद्ध चार मतांनी देण्यात आला. या कायद्यात प्रत्येक ई-मेलमागे ५०० डॉलर भरपाईची तरतूद होती. 'फक्त आज' असे लिहून उद्याही तीच सवलत देणे किती महाग पडू शकते, हे यावरून ध्यानात येते.

भारतात केवळ विपणन ई-मेलसाठी स्वतंत्र कायदा नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६अ कलमात त्रासदायक व फसव्या ई-मेलचा उल्लेख होता. परंतु सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी ते संपूर्ण कलम घटनाबाह्य ठरविले. असे असले, तरी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधील दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीच्या तरतुदी इलेक्ट्रॉनिक माध्यमालाही लागू होतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण पहिल्या उल्लंघनासाठी १० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते. ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत ग्राहकांना चकविणाऱ्या १३ प्रकारांची सूची असून तीत 'खोटी निकड' हा प्रकार स्पष्टपणे नमूद आहे.

७. निष्कर्ष

१. विषयओळ ही मजकुराचा प्रामाणिक सारांश असावी. वस्तू, लाभ व मुदत तीत स्पष्ट व्हावीत.

२. मराठीत मुख्य नाम व महत्त्वाचा तपशील आरंभी यावा. अर्थ केवळ अंत्य क्रियापदावर वा नकारावर अवलंबून ठेवू नये.

३. इंग्रजीतील अक्षरसंख्येचे नियम देवनागरीला लागू न करता प्रत्यक्ष चाचणी घ्यावी.

४. मापनात उघडण्याच्या प्रमाणापेक्षा वाचकाच्या कृतीला आणि तक्रारींना अधिक महत्त्व द्यावे.

उपयोजित मराठीच्या अध्यापनात पत्रलेखन व जाहिरातलेखन हे घटक बहुधा स्वतंत्रपणे शिकविले जातात. विषयओळीत हे दोन्ही एकत्र येतात. विद्यार्थ्याला एक ई-मेल देऊन त्याच्या तीन विषयओळी लिहावयास सांगणे आणि त्यांतील प्रत्येक शब्दाला मजकुरात आधार आहे काय, हे तपासावयास लावणे, एवढा साधा स्वाध्यायही पुरेसा फलदायी ठरेल. त्यातून विद्यार्थ्याला भाषेच्या नेमकेपणाबरोबरच व्यवसायातील सचोटीचाही परिचय घडेल.