टीव्हीवरचा डाग नेमका कुठे आहे?

नेहमीप्रमाणे, ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हा भाग लिहूनही देतोय. आजचा विषय अगदी घरगुती आहे: सपाट टीव्हीच्या पडद्यावरची धूळ आणि डाग. तुम्ही म्हणाल, यात काय सांगायचंय? फडकं घ्यायचं आणि पुसायचं. मलाही असंच वाटायचं. त्या वाटण्यात आमचा एक टीव्ही गेला.

मी पेण तालुक्यातल्या हमरापूरचा. दिवा-रोहा मार्गावर पेणच्या अलीकडे आमचं स्टेशन लागतं. हमरापूर, जोहे, कळवे या पट्ट्यात घरोघरी गणपतीचे कारखाने आहेत. आमच्याकडे खाली कारखाना आणि वर घर. सिझनमध्ये खाली कच्च्या मूर्तींना पॉलिश पेपर लागला की वर भाताच्या ताटापासून टीव्हीपर्यंत सगळ्यावर पांढरी साय धरते.

तर झालं असं. आई संध्याकाळी मालिका बघायला बसली आणि म्हणाली, "चेहरे दिसत नाहीत रे." मी फडकं ओलं केलं, अर्धवट पिळलं आणि पडदा पुसला. पांढरे फराटे उठले. म्हणून आणखी पाणी, आणखी जोर. खालच्या कडेतून थेंब आत गेले ते मला दिसलेच नाहीत. टीव्ही लावला तर उजव्या बाजूला उभ्या रेघा. मेकॅनिकने उघडून दाखवलं: पडद्याच्या खालच्या कडेला असलेल्या पातळ पट्ट्यांपर्यंत पाणी गेलं होतं. पॅनल बदलायचा खर्च जवळजवळ नव्या टीव्हीएवढा. आई एवढंच बोलली, "मूर्तीवरची धूळ कधी ओल्या फडक्याने पुसतो का आपण? आधी ब्रश मारतो ना?"

खरं होतं. जे हात कारखान्यात रोज करतात, ते मी वर येऊन विसरलो होतो.

आता कारण समजून घेऊ. जिप्समचा दगड साधारण १५० अंश सेल्सिअसला भाजला की त्यातलं बरंचसं पाणी निघून जातं आणि प्लास्टर ऑफ पॅरिसची पावडर उरते. पाणी मिळालं की ती पुन्हा घट्ट होते. मूर्ती तशीच तर बनते. पोतं उघडताना उडालेली पावडर पडद्यावर बसली आणि तुम्ही ओलं फडकं फिरवलंत, तर कडेच्या फटीत तुम्ही बारीकसा साचाच भरताय. घासकामाची धूळ वेगळी. ते प्लास्टर आधीच घट्ट झालेलं असतं आणि तसं मऊही असतं, पण त्यात पॉलिश पेपरचे सुटलेले कण असतात. ते भलतेच कठीण. आणि बहुतेक एलसीडी, एलईडी टीव्हीचा पुढचा भाग काच नसतो, प्लास्टिकची पातळ फिल्म असते. जोर देऊन घासलं की ओरखडा आलाच, आणि तो परत जात नाही.

म्हणून पुसण्याआधी डाग कुठला ते ओळखा. टीव्ही बंद करा, खोलीत अंधार करा आणि मोबाईलची बॅटरी पडद्यावर तिरकी मारा. डाग दिसला तर तो बाहेरचा, म्हणजे तुमच्या हातातला. बंद असताना काहीच नाही आणि चालू केल्यावरच दिसतो, तर तो आतला. आतल्या डागांचे प्रकार ओळखता येतात. गोल, प्रखर पांढरे ठिपके असतील तर बहुतेक वेळा मागच्या एलईडीवरची छोटी भिंगं निसटलेली असतात. हे काम मेकॅनिकचं. सुईच्या टोकाएवढा एकच ठिपका कायम काळा किंवा एकाच रंगाचा असेल, तर तो बिघडलेला पिक्सेल. ढगासारखे पट्टे असतील तर आत ओल किंवा धूळ शिरली असेल. आणि ठिपका चालत असेल तर तो किडा आहे! पावसाळ्यात उजेडाकडे येणारे बारीक किडे आत शिरतात. त्याला बोटाने दाबू नका. तिथेच चिरडला तर कायमचा मुक्काम करेल. टीव्ही बंद करा, खोलीत दुसरीकडे दिवा लावा, बहुतेकदा आपण होऊन निघून जातो.

बाहेरचा डाग असेल तर क्रम असा. स्विच बंद करून प्लग काढा, पडदा गार होऊ द्या. मग न वापरलेला, मऊ केसांचा रुंद ब्रश घ्या आणि वरून खाली अलगद धूळ उतरवा, दाबू नका. रंगात बुडालेला जुना ब्रश नको. मग चष्म्याबरोबर मिळतं तसं कोरडं मायक्रोफायबर कापड हलक्या हाताने फिरवा. एवढ्यावर बहुतेक वेळा काम होतं. बोटांचे ठसे, पालीची घाण राहिली असेल तरच कापडाचा कोपरा इन्व्हर्टरसाठी आणतो त्या डिस्टिल्ड पाण्याने जेमतेम ओला करा. डाग सुकून घट्ट झाला असेल तर खरवडू नका, ओलसर कोपरा थोडा वेळ नुसता टेकवून ठेवा. बोअरिंगचं पाणी नको. त्यातले क्षार सुकले की नवे पांढरे ठिपके तयार. आणि पाणी नेहमी कापडावर, पडद्यावर कधीच नाही.

आता आमच्या पट्ट्यातले खास मोह. एक, थिनर. स्प्रे गनचा उडालेला रंग पडद्यावर बसला की हात आपोआप थिनरच्या डब्याकडे जातो. नको. फिल्म पांढरी पडेल. काचेसाठीचे अमोनियावाले स्प्रे, नेलपॉलिश रिमूव्हर, तेही नको. वाळलेला ऑईलपेंटचा बारीक ठिपका असेल तर खरं सांगतो, त्याच्याबरोबर राहायला शिका. दोन, कॉम्प्रेसर. पाईप आणला, मागच्या जाळीत हवा मारली, झालं साफ, असं वाटतं. पण त्या जोरात आतले भाग हलतात, आणि टाकीत साचलेलं पाणी, तेलाचे कण हवेबरोबर आत जातात. मागच्या जाळीसाठी मऊ ब्रश पुरे. जाळी तुंबू मात्र देऊ नका. आत उष्णता कोंडते, आणि कोकणातल्या दमट हवेत धुळीचा थर ओल धरून ठेवतो. झाकण उघडायच्या भानगडीत पडू नका, प्लग काढल्यावरही आत काही वेळ करंट साठलेला असतो.

सिझनभर आम्ही आता टीव्हीवर सुती चादर टाकतो, बघताना काढतो. प्लास्टिक नाही, त्याखाली ओल धरते. जिन्याच्या दाराला जाड पडदा लावला. आणि शक्य तिथे पेपर ओला करून घासतो, धूळ उडतच नाही.

शेवटचं, आणि हे टीव्हीपुरतं नाही. नवा टीव्ही आल्यावर मी दर रविवारी ब्रश मारायचो आणि प्रत्येक वेळी तेवढीच साय निघायची. एकदा आई बघत होती. म्हणाली, "आठ दिवसांत एवढी काचेवर, तर छातीत किती?" खाली घासायला बसणाऱ्यांत मीही असतो. नाकाला रुमाल बांधून भागायचं नाही, घट्ट बसणारा, धुळीसाठीचा मास्क लागतो. त्या सोमवारी सगळ्यांसाठी आणले. उकडतं, घाम येतो, पोरं कुरकुरतात. पण घालतात.

तुमच्या टीव्हीवर कसला डाग आहे? आधी बॅटरी मारून बघा, मग मला कळवा. भेटू पुढच्या भागात.