शाळेची वाट आणि बिऱ्हाडाची जागा

मुलाची शाळा आणि कुटुंबाचे बिऱ्हाड यांतील अंतर हा विषय वरवर पाहता निव्वळ घरगुती वाटतो. वस्तुतः शिक्षणाचा इतिहास, नगररचना आणि घरातील श्रमांची वाटणी हे तिन्ही प्रश्न त्यात गुंतलेले आहेत. कोल्हापुरात तर या अंतराचा विचार शंभराहून अधिक वर्षे चालत आलेला असून त्याची उत्तरेही काळानुसार पालटत गेली आहेत.

हे अंतर मिटविण्याचे मार्ग तीनच संभवतात. शाळा मुलाच्या घराजवळ न्यावी, मूल शाळेजवळ ठेवावे किंवा घरच उचलून शाळेजवळ आणावे. पहिल्या दोन मार्गांचा अवलंब करवीर संस्थानात एकाच राज्यकर्त्याने केला. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करून मूल शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठरविला. अशी सक्ती करावयाची तर शाळा गावात असावी लागते, हे ओघानेच आले. प्राथमिक शिक्षणापुढचे विद्यालय मात्र गावोगाव काढणे शक्य नव्हते. तेथे दुसरा मार्ग आधीच खुला झाला होता. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले. त्याच वर्षी जैन बोर्डिंग, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह, अशी मालिकाच उभी राहिली. कोल्हापूरला विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हणतात ते याचमुळे. ‘बोर्डिंग’ हा इंग्रजी शब्द येथील बोलीत असा रुजला की दसरा चौकाच्या परिसरात आजही तो केवळ संस्थेचे नव्हे, ठिकाणाचे नाव म्हणून वापरला जातो. रिक्षावाल्याला ‘जैन बोर्डिंग’ एवढे सांगितले तरी पुरते.

या व्यवस्थेचा एक विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे. बोर्डिंगात मूल हलत होते, कुटुंब आपल्या शेतावर राहत होते, आणि अंतर वर्षातून दोनचार वेळा, सुट्टीपुरते, ओलांडावे लागत होते. म्हणजे रोजच्या प्रवासाचा प्रश्न सोडविला गेला नव्हता, तो नाहीसा केला गेला होता. त्याची किंमत लहान वयातील ताटातूट ही होती. शिवाय हा लाभ प्रामुख्याने मुलग्यांच्या वाट्याला आला, हेही नमूद केले पाहिजे.

स्वातंत्र्योत्तर काळात पुन्हा पहिल्या मार्गावर भर आला. कोठारी आयोगाने (१९६४-६६) शेजारशाळेची कल्पना मांडली: एका वस्तीतील सर्व मुले, जातीचा वा उत्पन्नाचा भेद न करता, त्या वस्तीच्याच शाळेत जावीत. या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्याचेच सुपुत्र. गारगोटीच्या मौनी विद्यापीठाशी त्यांचे नाव निगडित आहे. ही कल्पना पूर्णांशाने अमलात आली नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात मात्र तिचा अंश उतरला. त्याखालील महाराष्ट्राच्या नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत व सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावयास हवी. याच कायद्यान्वये खाजगी शाळांतील पंचवीस टक्के राखीव जागा भरतानाही घर व शाळा यांतील अंतर पाहिले जाते. २०२४ च्या फेब्रुवारीत राज्य शासनाने सरकारी अथवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असल्यास खाजगी विनाअनुदानित शाळांना या राखीव जागांतून सूट दिली. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैमध्ये ती रद्द ठरविली. वंचित घरातील मुलाचा प्रवेश एका किलोमीटरच्या रेषेवर अवलंबून राहू शकतो, याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण.

आजचे शहरी कुटुंब मात्र बहुधा तिसऱ्या मार्गाने जाते. शाळा आधी ठरते, बिऱ्हाड नंतर. तालुक्याच्या गावाहून ‘पोरांच्या शाळेसाठी’ कोल्हापुरात खोली घेऊन राहणारी आई आणि शनिवार-रविवारी येणारा बाप ही रचना येथे नवलाची राहिलेली नाही. एका परीने हे बोर्डिंगचेच रूपांतर आहे. फरक इतकाच, की पूर्वी संस्थानाने व दात्यांनी उचललेला भार आता एकट्या आईवर येतो.

घर शोधताना सामान्यतः विचारला जाणारा प्रश्न असा असतो: शाळा किती लांब आहे? हा प्रश्न अपुरा आहे. भाषेकडे पाहिले म्हणजे त्याचे अपुरेपण चटकन कळते. मराठीत ‘ये-जा’ आणि ‘ने-आण’ असे दोन जोडशब्द आहेत. ये-जा स्वतःची असते, ने-आण दुसऱ्याची. मूल एकटे शाळेत जाते तेव्हा त्याच्या दिवसात दोन खेपा होतात. त्याची ने-आण करावी लागते तेव्हा नेणाऱ्याच्या वाट्याला चार खेपा येतात: मुलासह जाणे, रिकामे परतणे, पुन्हा रिकामे जाणे, मुलासह परतणे. ‘ने-आण’ या शब्दात त्यांपैकी दोनच खेपा उच्चारल्या जातात. उरलेल्या दोन रिकाम्या खेपा शब्दात नाहीत आणि त्यामुळे हिशेबातही सहसा धरल्या जात नाहीत. मालवाहतुकीचा धंदा करणारा मनुष्य रिकामी खेप कधी विसरत नाही, कारण तिचे डिझेल त्याच्या खिशातून जाते. घरात ती खेप बहुतेक आईच्या वेळातून जाते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. मूल सकाळच्या सत्रात शाळेत जाते व दुपारी सुटते. आई नोकरीवर आहे आणि मधल्या सुट्टीत त्याला घरी पोचवून परत कामावर जाते. पहिले घर शाळेपासून एक किलोमीटरवर, पण कामाची जागा घरापासून विरुद्ध दिशेला सहा किलोमीटर. सकाळी घर, शाळा, काम असे आठ, दुपारी काम, शाळा, घर व पुन्हा काम असे चौदा, सायंकाळी सहा. एकूण अठ्ठावीस किलोमीटर. दुसरे घर शाळेपासून चार किलोमीटरवर, पण शाळा कामाच्या वाटेवर आणि काम तिच्यापुढे अवघ्या एका किलोमीटरवर. सकाळी पाच, दुपारी दहा, सायंकाळी पाच, एकूण वीस. लांबचे घर आईला आठ किलोमीटरनी जवळ पडले. मुलाचा प्रवास मात्र दोनवरून आठ किलोमीटरवर गेला.

एवढ्यावरून दुसरे घर श्रेयस्कर ठरविणे घाईचे होईल. सहा वर्षांचे मूल कायम सहा वर्षांचे राहत नाही. दहाव्या-अकराव्या वर्षी एक किलोमीटरची वाट ते आपल्या पायांनी तुडवू लागले, म्हणजे पहिल्या घरातील आईचा प्रवास अठ्ठावीसवरून बारावर येतो. दुसऱ्या घरात चार किलोमीटरसाठी रिक्षा, केएमटी किंवा आईच, यांवाचून गत्यंतर नसते. घर विकत घ्यावयाचे असेल तर पायी जाण्याजोगे अंतर दूरच्या हिशेबाने स्वस्त पडते. दोनतीन वर्षांसाठी भाड्याने घ्यावयाचे असेल तर कामाच्या वाटेवरची शाळा हिताची. दोन मुले दोन निरनिराळ्या सत्रांत असतील तर या खेपांत आणखी भर पडते, आणि अशा वेळी एकाच सत्राची शाळा मिळविणे हे घर बदलण्यापेक्षा सोपे ठरते.

मूल एकटे जाईल की नाही हे त्याच्या वयापेक्षाही रस्त्यावर ठरते. इंग्लंडमध्ये मेयर हिलमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या पाहणीत असे आढळले, की सातआठ वर्षांची सुमारे ऐंशी टक्के मुले १९७१ मध्ये एकटी शाळेत जात होती. १९९० मध्ये हे प्रमाण नऊ टक्क्यांवर आले. मुले दुबळी झाली नव्हती, वाहने वाढली होती. गंमत अशी की मुलांना पोचविणारी वाहने हीदेखील त्या वाढीचाच भाग होती. कोल्हापुरातही शाळा सुटण्याच्या वेळी कोणत्याही मोठ्या शाळेच्या दारी उभे राहिल्यास हाच प्रकार दृष्टीस पडतो. त्यामुळे घर पाहताना किलोमीटर मोजण्याआधी हमरस्ते किती ओलांडावे लागतात ते मोजावे. जुन्या पेठांतील बोळांतून जाणारी सव्वा किलोमीटरची वाट ही एक हमरस्ता ओलांडणाऱ्या अर्ध्या किलोमीटरपेक्षा मुलाला अधिक मोकळी असते. राजारामपुरीची आखणी सरळ गल्ल्यांची असल्यामुळे तेथे आडवाट निवडण्यास पुष्कळ वाव आहे.

याखेरीज ऋतूचा एक हिशेब आहे, आणि तो खास या भागाचा आहे. बिऱ्हाडे बहुधा एप्रिल-मे महिन्यांत शोधली जातात, शाळा जूनच्या मध्यास उघडते. भाडेकरार अकरा महिन्यांचा असल्याने जूनमध्ये केलेला करार नेमका पुढच्या शाळेच्या तोंडावर संपतो, ही आणखी एक अडचण. परंतु पाण्याची अडचण मोठी. पंचगंगेवरील राजाराम बंधारा व जिल्ह्यातील तशाच ‘कोल्हापूर पद्धतीच्या’ बंधाऱ्यांवरून उन्हाळ्यात माणसे व दुचाकी सर्रास जातात. पाऊस लागला की हे बंधारे पाण्याखाली जातात आणि पलीकडच्या गावांना दूरच्या पुलाचा वळसा पडतो. राजाराम बंधाऱ्याजवळ नदीची इशारा पातळी ३९ फूट व धोका पातळी ४३ फूट मानली जाते. बंधारा मात्र त्याच्या कितीतरी आधी बुडालेला असतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये महापुराने मोठे रस्तेही तोडले, पण तेव्हा शाळांनाच सुट्टी होती. खरा त्रास वर्तमानपत्रात न येणाऱ्या साध्या पावसाळ्याचा, जेव्हा शाळा भरलेली असते आणि जवळची वाट तेवढी नसते.

हा वळसा सर्वांना सारखा पडत नाही. नदीपलीकडच्या गावातील मुलगा वडापच्या जीपला लोंबकळून का होईना, पोचतो. मुलींसाठी पाचवीपासून बारावीपर्यंत एस.टी.चा मोफत पास आहे आणि त्याने पुष्कळ काम केले आहे. पण पास गाडीचा भरणा सोडवितो, गाडीची वेळ नव्हे. अंधार पडल्यावर पोचणारी गाडी असेल तर सातवीनंतर मुलीची शाळा थांबविण्याचा निर्णय घरात गाजावाजा न करता घेतला जातो. ज्या घराला शहरात खोली घेणे परवडते ते बिऱ्हाड हलविते. ज्याला परवडत नाही त्याच्यापुढे मुलींच्या वसतिगृहातील जागा हाच पर्याय उरतो, आणि तेथील अर्जही मे-जूनमध्येच, बंधारा अजून कोरडा असताना, भरावे लागतात.