भंगलेला चेहरा, भरून येणारी जखम



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांचा एक आग्रह असे. जी गोष्ट आपल्याला मातृभाषेत समजावून सांगता येत नाही, ती आपल्यालाच नीट समजलेली नाही असे मानावे. महाराष्ट्राबाहेर राहून मराठी शाळा चालविणाऱ्यांच्या तोंडी हा आग्रह विशेष शोभतो. त्या कसोटीला उतरण्याचा प्रयत्न म्हणून आज मी माझ्या व्यवसायातील एक विषय निवडला आहे.

'प्लास्टिक सर्जरी' म्हटले की पुष्कळांना नटनट्यांची नाके आठवतात, तर काहींना शरीरात प्लास्टिकचा तुकडा बसवीत असावेत असे वाटते. वस्तुतः हा शब्द 'घडविणे, आकार देणे' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला आहे. मराठीत त्याला 'सुघटन शस्त्रक्रिया' म्हणतात. भाजलेले, अपघातात सापडलेले, दुभंगलेल्या ओठांनी जन्मलेले असे रुग्ण हा या शास्त्राचा मुख्य विषय होय.

पुण्याजवळची शस्त्रक्रिया

सुश्रुतसंहितेत तुटलेल्या नाकाच्या संधानाचे वर्णन आहे. पानाने नाकाचे माप घ्यावे, तेवढी त्वचा गालावरून उचलावी, एका बाजूने ती जोडलेलीच ठेवावी, आणि श्वासासाठी नाकपुड्यांत नळ्या घालाव्यात, असा तो विधी. ही विद्या पुढे वैद्यांच्या हातून सुटली असली तरी लोकांत जिवंत राहिली. ऑक्टोबर १७९४ च्या लंडनमधील 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकात तिचा पुरावा मिळतो. इंग्रज फौजेतील कावसजी नावाचा एक मराठा बैलहाक्या १७९२ च्या युद्धात टिपूच्या कैदेत सापडला आणि त्याचे नाक व एक हात तोडण्यात आला. सुमारे वर्षभराने पुण्याजवळ विटा घडविणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याला नवे नाक करून दिले. मेणाच्या पातळ पत्र्याने माप घेऊन त्याने कपाळावरची त्वचा कापली, भुवयांमधील चिंचोळी पट्टी तशीच राखली, आणि तो त्वचेचा तुकडा वळवून नाकाच्या जागी बसविला. वर कातात भिजविलेल्या कापडाच्या पट्ट्या ठेवल्या. विड्यातला तो हाच कात! सुमारे २५ व्या दिवशी मधली पट्टी कापण्यात आली. या हकिगतीपासून स्फूर्ती घेऊन लंडनच्या जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये अशी शस्त्रक्रिया केली व १८१६ मध्ये ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली.

ती पट्टी का राखली, यातच या शास्त्राचे मर्म आहे. त्वचेला रक्त मिळाले तरच ती जगते. नव्या जागेतून रक्तवाहिन्या फुटून आत शिरेपर्यंत जुना पुरवठा तोडावयाचा नसतो. त्या कारागिराला रक्ताभिसरणाचे शास्त्र पुस्तकातून ठाऊक नसेल, परंतु किती दिवस थांबावे हे मात्र ठाऊक होते.

हाडे कोठे मोडतात?

आता त्वचेखाली जाऊ. फ्रान्समधील लील येथील शल्यविशारद रने ल फोर यांनी १९०१ मध्ये आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांनी ३५ मृतांच्या चेहऱ्यांवर निरनिराळ्या दिशांनी व निरनिराळ्या जोराने आघात केले आणि मग मांस दूर करून हाडे पाहिली. वरवर त्वचा शाबूत दिसत असतानाही आत हाडांचा चुरा झालेला असू शकतो, हे त्यांना आढळले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हे भंग वाटेल तसे होत नाहीत. ते ठराविक दुर्बळ रेषांनी जातात. पहिल्या प्रकारात दातांच्या वर आडवी रेषा जाऊन टाळू सुटते. दुसऱ्यात नाकाच्या मुळापासून गालांकडे उतरणारा त्रिकोणी भाग सुटतो. तिसऱ्यात सगळा चेहराच कवटीपासून वेगळा होतो. ही वर्गवारी आजही जगभर वापरली जाते.

असे का व्हावे? आपल्या जुन्या वाड्याची रचना आठवा. सारा भार खांब आणि तुळया पेलतात. मधल्या भिंती केवळ आडोशाच्या असतात. चेहऱ्यातही नाकाच्या दोन्ही बाजूंना, गालाच्या हाडांतून आणि जबड्याच्या मागच्या अंगाला असे उभे खांब आहेत. चावण्याचा दाब ते कवटीपर्यंत पोहोचवितात. त्यांच्यामधली हाडे पातळ व पोकळ असतात. आघात झाला की ती चुरडतात आणि त्या चुरडण्यातच आघाताचा बराचसा जोर खर्ची पडून मेंदूला काहीसे संरक्षण मिळते.

दुरुस्तीतही आधी खांब उभे करावे लागतात. वरचे व खालचे दात पूर्वीप्रमाणे एकमेकांवर बसले, तर जबडा जागेवर आला असे समजावे. पूर्वी दात तारेने बांधून चार ते सहा आठवडे रुग्णाला पातळ अन्नावर ठेवीत. १९७० च्या दशकात फ्रान्समध्ये मिशले व शाँपी यांनी लहान पट्ट्यांचा मार्ग दाखविला. चावताना हाडावर जेथे ताण पडतो, नेमक्या त्या रेषेवर छोटी पट्टी स्क्रूने बसविली की पुरते. आज अशा टायटेनियमच्या पट्ट्यांमुळे बहुतेकांना तोंड बांधून राहावे लागत नाही.

जखम कशी भरते?

हाडे डॉक्टर जुळवितात, पण जखम भरते ती शरीराच्याच शक्तीने. प्रथम रक्त गोठते. मग काही दिवस दाह असतो. या काळात पांढऱ्या पेशी जंतू आणि मृत अंश दूर करतात. त्यानंतर नव्या रक्तवाहिन्या व कोलॅजेनचे तंतू तयार होतात आणि कडेच्या त्वचापेशी सरकत येऊन जखम झाकतात. शेवटची अवस्था सर्वांत लांब असते. तीत तंतूंची फेरजुळणी होते व ती वर्षभरही चालते. तीन आठवड्यांच्या व्रणात मूळ त्वचेच्या सुमारे पाचव्या हिश्शाइतकेच बळ असते आणि अखेरीसही ते ८० टक्क्यांच्या आसपासच थांबते.

येथे एक रूढ समज तपासला पाहिजे. जखम उघडी ठेवून वाळवावी, असे आपण लहानपणापासून ऐकतो. जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्ये डुकरांवरील प्रयोगांत दाखवून दिले की ओलसर राखलेली स्वच्छ जखम उघड्या जखमेच्या जवळजवळ दुप्पट वेगाने झाकली जाते. खपली आली की पेशींना तिच्याखालून वाट काढावी लागते.

आहाराविषयीचा प्रयोग तर एका शल्यविशारदाने स्वतःवरच केला. बॉस्टनच्या जॉन क्रँडन यांनी सहा महिने 'क' जीवनसत्त्वाशिवाय काढले. तीन महिन्यांनी मुद्दाम केलेली जखम नीट भरली. सहा महिन्यांनी केलेली मात्र आतून भरेना. जीवनसत्त्व दिल्यावर तीही भरली. १९४० मध्ये हे प्रसिद्ध झाले. कोलॅजेनचे तंतू भक्कम होण्यास हे जीवनसत्त्व अत्यावश्यक असते. आवळा आणि पेरू ज्यांच्या अंगणात आहेत, त्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. तंबाखू मात्र याच्या उलट काम करते. धूम्रपानाने सूक्ष्म रक्तवाहिन्या आकसतात आणि उत्तम शस्त्रक्रियाही फसू शकते.

आपले काम

रस्त्यावर तोंडाला मार लागून कोणी बेशुद्ध पडला, तर त्याला उताणा ठेवू नये. रक्ताने व मागे पडलेल्या जिभेने श्वास कोंडतो. मानेला हिसका न देता त्याला कुशीवर वळवावे. पक्का दात निखळला असेल तर तो मुळाशी न धरता उचलावा आणि दुधात ठेवून तासाभरात दंतवैद्याकडे न्यावा. दुचाकीवर हनुवटी झाकणारे शिरस्त्राण वापरावे.

परंतु या सर्वांहून अवघड असे एक काम आहे, आणि ते शल्यकाराच्या हातचे नाही. व्रण वर्षभराने फिका पडतो, पण अगदी नाहीसा होत नाही. तो चेहरा घेऊन एखादा मुलगा वर्गात येतो, एखादी मुलगी नोकरीच्या मुलाखतीला जाते. तेव्हा समोरच्याची नजर कोठे थांबते, यावर आमच्या श्रमांचे अर्धे यश ठरते. त्या कारागिराने कावसजीला नाक दिले ते चारचौघांत पुन्हा वावरता यावे म्हणून. तो वावर सुखाचा करणे हे चारचौघांचे, म्हणजे आपले, काम आहे. अशी नजर शाळेतच घडते. ती घडविणाऱ्या गुरुजींच्या स्मृतीस वंदन करून मी आपली रजा घेतो.